शुक्रावर कधी पाऊस पडला होता का?

मागच्या अंकात शुक्राच्या चांदणीवर एक छोटी चौकट दिली होती, संध्याकाळी पश्चिमेला दिसते ती बघा एवढंच त्यात होतं. पण त्यावर इतके प्रश्न आले की या वेळचं वाचकांचं सदर सगळं त्यालाच देतेय. बाकीच्यांनी रागवू नका, तुमचे प्रश्न पुढच्या वेळी.

प्रश्न : ताई, मुलीच्या पुस्तकात शुक्राला पृथ्वीची जुळी बहीण म्हटलंय. आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की "नासाने सिद्ध केलं, शुक्रावर तीन अब्ज वर्षं समुद्र होते आणि जीवसृष्टीही होती". यातलं खरं काय? – एक वाचक, सांगली

उत्तर : जुळी म्हणतात ते आकारावरून. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर, शुक्राची ६,०५२, वजन पृथ्वीच्या साधारण ८१ टक्के. तिथून पुढे मात्र सगळं बिनसलेलं आहे. जमिनीवर ४६५ डिग्री सेल्सिअस, हवेचा दाब आपल्या ९२ पट, हवेत ९६ टक्क्यांहून जास्त कार्बन डायऑक्साइड आणि वर सल्फ्युरिक अॅसिडचे ढग.

आता मेसेज. तो अर्धवट खरा आहे आणि म्हणूनच तो निस्तरायला वेळ लागतो. न्यूयॉर्कला नासाची गोडार्ड इन्स्टिट्यूट आहे, तिथले मायकेल वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक कॉम्प्युटर मॉडेल चालवलं, पृथ्वीच्या हवामानाचा अभ्यास करायला वापरतात त्याच जातीचं. त्यात त्यांनी जुन्या काळचा मंद सूर्य घातला (सूर्य तेव्हा आजच्यापेक्षा साधारण ३० टक्के कमी तेजस्वी होता), शुक्राच्या आजच्या डोंगरदऱ्यांचा नकाशा घातला, सखल भागात उथळ समुद्र भरला आणि बघितलं की हा समुद्र टिकतो का. तर टिकला. पुढे २०१९ मध्ये त्यांनी आणखी वेगवेगळ्या शक्यता घालून बघितल्या, त्यातही तापमान २० ते ५० डिग्रीच्या आसपास राहिलं, जवळपास ३ अब्ज वर्षं, म्हणजे अगदी ७० कोटी वर्षांपूर्वीपर्यंत.

हे जमलं कसं? शुक्राच्या आळशीपणामुळे. तो स्वतःभोवती एक गिरकी घ्यायला २४३ दिवस लावतो, तीही उलटी, त्यामुळे तिथे एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत आपले ११७ दिवस जातात. एवढा वेळ एकाच बाजूला ऊन लागत राहिलं की त्या बाजूला ढगांचा जाडजूड थर जमतो आणि तोच थर ऊन परत फेकून देतो. खाली सावली, समुद्र शाबूत.

पण नीट बघा, समुद्र त्यांनी स्वतः भरून दिला होता. "समुद्र असला तर टिकेल का" एवढंच विचारलं होतं आणि त्याचं उत्तर हो आलं. "मुळात समुद्र झाला होता का" हे त्या मॉडेलला कुणी विचारलंच नव्हतं. वे यांच्या पेपरमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं असतं, फॉरवर्ड होता होता तेवढंच गळून गेलं आणि "सिद्ध केलं" चिकटलं. जीवसृष्टीचं तर त्या मॉडेलमध्ये काहीच नव्हतं.

तो दुसरा प्रश्न विचारला जिनिव्हा विद्यापीठातल्या मार्टिन टर्बे आणि मंडळींनी, २०२१ मध्ये. त्यांनी सुरुवात अगदी आधीपासून केली, ग्रह नुकताच झालाय, पृष्ठभाग वितळलेला आहे, सगळं पाणी वाफ होऊन हवेत आहे. आता ही वाफ थंड होऊन पाऊस पडेल का? त्यांच्या मॉडेलमध्ये ढग उन्हाच्या बाजूला जमलेच नाहीत, ते गेले रात्रीच्या बाजूला. तिथे ऊन अडवायचा प्रश्नच नव्हता, उलट ग्रहाची उष्णता बाहेर जाण्याऐवजी आतच राहिली, त्यामुळे वाफ वाफच राहिली आणि पाऊस एकदाही पडला नाही. गंमत म्हणजे याच हिशोबाने पृथ्वीसुद्धा थोडक्यात वाचलेली दिसते, तेव्हा सूर्य मंद होता म्हणून आपल्याकडे वाफेचा पाऊस झाला.

मग डिसेंबर २०२४ मध्ये केंब्रिजच्या तेरेझा कॉन्स्टँटिनू आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. त्यांनी मॉडेल करण्याऐवजी आजच्या हवेकडे बघितलं. शुक्राच्या हवेतली पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, कार्बोनिल सल्फाइड हे रासायनिक क्रियांनी सतत मोडत असतात, तरी ते आज आहेत म्हणजे ज्वालामुखी ते भरून काढतायत. मग भरून काढायला ज्वालामुखीतून नेमकं काय बाहेर यायला हवं हे उलटं मोजता येतं. तर आलं असं, की शुक्राच्या ज्वालामुखींच्या वायूत पाण्याची वाफ फार तर ६ टक्के. पृथ्वीवरच्या ज्वालामुखीतून सगळ्यात जास्त बाहेर पडते ती वाफच. ज्याचं पोट इतकं कोरडं त्याच्या अंगावर कधी समुद्र होता म्हणणं अवघड आहे.

माझं मत विचाराल तर समुद्र झालाच नव्हता याच बाजूला माझं माप झुकतं. पण वाद मिटलेला नाही, वे यांची बाजू अजून कुणी खोटी पाडलेली नाही.

प्रश्न : तिथे आज पाणी नाही म्हणता, मग कधीकाळी होतं हे तरी कशावरून? – डोंबिवलीहून एक वाचक

उत्तर : अगदीच नाही असं नाही. शुक्राच्या हवेतली सगळी वाफ पाणी करून जमिनीवर पसरली तर साधारण ३ सेंटीमीटरचा थर होईल. पृथ्वीवरचं सगळं पाणी, समुद्रासकट, असंच पसरलं तर जवळपास ३ किलोमीटर.

पुरावा मिळाला तो हायड्रोजनच्या वजनावरून. पाण्यातला बहुतेक हायड्रोजन साधा असतो, पण थोडासा त्याच्या दुप्पट वजनाचा असतो, त्याला ड्युटेरियम म्हणतात. वाफ वर गेली की उन्हातले अतिनील किरण तिचे तुकडे करतात, हलका हायड्रोजन अवकाशात निसटतो, जड त्यामानाने मागे राहतो. आमटी गॅसवर विसरली की पाणी आटतं आणि मीठ तेवढंच राहतं, चव घेतली की कळतं किती आटलीय, तसं ड्युटेरियमचं प्रमाण बघून कळतं की किती पाणी उडालंय.

ही चव घेतली गेली ती मात्र अपघाताने. डिसेंबर १९७८ मध्ये अमेरिकेचं पायोनियर व्हीनस यान पोचलं आणि त्याचं मोठं प्रोब, म्हणजे हवेत सोडायचं उपयान, पॅराशूटने ढगांतून खाली निघालं. वायूंचं वजन करणारं यंत्र त्यात होतं, हवा आत घ्यायला अगदी बारीक छिद्रं. ढगांच्या थरात सल्फ्युरिक अॅसिडचा एक थेंब नेमका त्या छिद्रांवर येऊन बसला आणि हवा आत जाणं जवळजवळ बंद. आता एवढ्या वर्षांची मेहनत, कोट्यवधी डॉलर आणि यंत्राच्या नाकात बोळा! खाली गेल्यावर उष्णतेने थेंब उडून गेला आणि यंत्र परत चालू झालं. पण नंतर आकडे तपासताना टॉम डोनह्यू आणि सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की त्या थेंबात अॅसिडबरोबर पाणीही होतं, आणि छिद्र बंद असताना यंत्र त्या पाण्याचंच वजन करत बसलं होतं. त्यातून जड हायड्रोजनचं प्रमाण निघालं, पृथ्वीच्या शंभरपटीच्या आसपास. १९८२ मध्ये त्यांनी ते छापलं. नंतरच्या मोजण्यांतही शंभर ते दीडशे पट असंच येतंय.

म्हणजे शुक्राकडे पाणी होतं आणि ते गेलं, हे नक्की. पण इथे एक गडबड होते, पेपरवाले सुद्धा करतात. पाणी होतं म्हणजे समुद्र होता असं नाही हो! पाणी वाफ म्हणून आलं, वाफ म्हणूनच हवेत राहिलं आणि तसंच वरून उडून गेलं, तरीही ड्युटेरियमचा आकडा हाच येईल. तो आकडा किती गेलं ते सांगतो, ते जायच्या आधी कधी जमिनीवर साचलं होतं का हे त्यातून कळत नाही. आणि जीव जन्मायचा तर, आपल्याला ठाऊक असलेल्या जीवाला तरी, साचलेलं पाणी लागतं. म्हणून मी शीर्षकात पाऊस घातलाय.

प्रश्न : समजा समुद्र होता असं धरलं. मग तो गेला कशाने? सूर्याच्या जवळ असल्याने का? – सातारा

उत्तर : जुनं उत्तर तेच होतं. शुक्रावर आज पृथ्वीच्या जवळपास दुप्पट ऊन पडतं, सूर्य हळूहळू तापत गेला, समुद्राची वाफ वाढली, वाफेने उष्णता आणखी अडवली, म्हणून आणखी वाफ, असं ते चक्र. पण वे यांच्या मॉडेलमध्ये ढगांनी ऊन सांभाळून घेतलं होतं, त्यामुळे त्यांना वेगळा आरोपी शोधावा लागला. तो आरोपी तुमच्या पायाखाली आहे.

साताऱ्यात राहता म्हणजे काळा पाषाण रोज बघताच. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आसपास लाव्ह्याचे थरावर थर बसून दख्खनचं पठार झालं, आजही साधारण ५ लाख चौरस किलोमीटरवर ते आहे आणि घाटाच्या बाजूला त्याची जाडी २ किलोमीटरच्या पुढे जाते. नुसत्या एखाद्या डोंगराने फुटून हे होत नाही, जमीन भेगाळून वाहत राहते आणि कार्बन डायऑक्साइडचे लोट सोडत राहते. सायबेरियात २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी असंच झालं तेव्हा समुद्रातले बहुसंख्य जीव संपले. तरी पृथ्वी सावरली, कारण पावसाचं पाणी खडकांवरून वाहतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळून समुद्रात जातो आणि शेवटी चुनखडक होऊन तळाशी बसतो. पृथ्वीच्या चुनखडकात अडकलेला सगळा कार्बन बाहेर काढला तर आपली हवा जवळपास शुक्रासारखीच जड होईल. तो वायू दोघांकडेही आहे, आपला खडकात आहे आणि त्यांचा हवेत.

वे यांचं म्हणणं असं की शुक्रावर असे दोन-तीन "दख्खन" एकाच सुमारास झाले असावेत. एकातून सावरायच्या आत दुसरं, समुद्र आटायला लागला, आणि पाणीच नसेल तर कार्बन खडकात घालणार कोण? तिथून परतीचा रस्ता नाही. पृथ्वीवर असे उद्रेक वेगवेगळ्या वेळी झाले हे आपलं नशीब. मला ही कल्पना आवडते, पण ती समुद्र होता हे धरून केलेली आहे हे विसरू नका.

प्रश्न : ४६५ डिग्रीत यान उतरलंय तरी का कधी? – इयत्ता आठवी, परभणी

उत्तर : उतरलंय, आणि एकदा नाही. रशियाने म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत संघाने ही चिकाटी दाखवली. १५ डिसेंबर १९७० ला व्हेनेरा ७ पॅराशूट बिघडल्याने आदळतच उतरलं, बहुतेक आडवं पडलं, सिग्नल गेला असं सगळ्यांना वाटलं, आणि मग टेप परत तपासल्या तेव्हा त्यात २३ मिनिटांचा अगदी क्षीण सिग्नल सापडला. १९८२ मध्ये व्हेनेरा १३ ने रंगीत फोटो पाठवले, अर्धा तास टिकलं तरी पुरे म्हणून बनवलेलं यान २ तास ७ मिनिटं चाललं. त्याच्या जोडीच्या व्हेनेरा १४ ची गोष्ट तू वर्गात नक्की सांग : कॅमेऱ्याचं झाकण उडून बाजूला पडलं, आणि जमीन किती कडक आहे ते दाबून बघणारा दांडा नेमका त्या झाकणावरच आला. म्हणजे करोडो किलोमीटर जाऊन आपण आपलंच झाकण दाबून बघितलं. फोटोत ते झाकण आणि दांडा दोन्ही दिसतात. मातीचा नमुना मात्र दुसऱ्या यंत्राने घेतला होता आणि तो बेसॉल्टसारखा निघाला, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाच्याच भाऊबंदातला.

प्रश्न : जमिनीवर नसेल, पण ढगांत जीव आहे असं २०२० मध्ये सगळीकडे आलं होतं. त्याचं पुढे काय झालं? – रत्नागिरीहून एक निवृत्त शिक्षक

उत्तर : सर, ढगांची कल्पना बरीच जुनी आहे. हॅरॉल्ड मोरोविट्झ आणि कार्ल सेगन यांनी १९६७ मध्येच ती मांडली होती. कारण साधं आहे, जमिनीपासून ५०-५५ किलोमीटर वर गेलं की तापमान आणि दाब दोन्ही आपल्या ओळखीचे होतात. १९८५ मध्ये सोव्हिएत व्हेगा यानांनी त्या उंचीवर दोन फुगे सोडले होते, ते जवळपास दोन दिवस तरंगत माहिती पाठवत राहिले, जमिनीवर जे जेमतेम दोन तास टिकतं ते वर दोन दिवस.

आणि शुक्राच्या ढगांत काळे पट्टे दिसतात, अतिनील प्रकाश शोषणारे, ते नेमके कशाचे हे शंभर वर्षांच्या आसपास चाललेलं कोडं आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातले संजय लिमये (आडनावावरून तुम्ही ओळखलंच असेल) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये लिहिलं की हे पट्टे सूक्ष्मजीवांचे असू शकतात ही शक्यता तरी तपासा. "आहेत" असं ते म्हणालेच नाहीत, हे सांगायला हवं.

मग सप्टेंबर २०२० मध्ये कार्डिफच्या जेन ग्रीव्ह्ज यांनी फॉस्फिन वायू सापडल्याचं जाहीर केलं, हवाई आणि चिली इथल्या दुर्बिणींतून. पृथ्वीवर हा वायू जंतूंशी आणि कारखान्यांशी जोडलेला, शुक्रावर कारखाने नाहीत, म्हणून एवढा गाजावाजा. आधी अब्जात २० कण म्हटलं, मग दुर्बिणीच्या मोजणीतली चूक सुधारल्यावर तो आकडा बराच खाली आला, आणि काहींचं म्हणणं असं की ती खूण फॉस्फिनची नसून सल्फर डायऑक्साइडची आहे. अजून भांडण चालू आहे.

पण मला सगळ्यात वजनदार वाटतो तो २०२१ चा जॉन हॉल्सवर्थ या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाचा हिशोब. जीवाला नुसतं पाणी असून चालत नाही, ते त्याला वापरता आलं पाहिजे, आणि सल्फ्युरिक अॅसिड पाणी इतकं धरून ठेवतं की दुसऱ्याला मिळत नाही. शुद्ध पाण्याला १ मानलं तर पृथ्वीवरचे सगळ्यात चिवट जंतू ०.५८५ पर्यंत तग धरतात. शुक्राच्या ढगांत तो आकडा ०.००४ च्याही खाली. थोडीथोडकी नाही, शंभरपटीहून मोठी तूट आहे. तिथे जीव असेल तर तो आपल्या नात्यातला नसणार.

प्रश्न : शुक्राचा अस्त असताना लग्न करत नाहीत, त्या वेळी तिथे काही घडतं का? – नाव न छापण्याची विनंती

उत्तर : काही नाही. शुक्र आकाशात सूर्याच्या इतका जवळ येतो की उजेडात आपल्याला दिसत नाही, एवढंच. त्या दिवसांत हॉल मात्र सहज मिळतो.

प्रश्न : मंगळावर नदीचे गाळ वगैरे सापडतात, शुक्रावर तसं काही का शोधत नाहीत? – पणजी

उत्तर : मंगळावर जुनी जमीन शिल्लक आहे, जेझेरो विवरात पर्सिव्हरन्स रोव्हर साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीच्या त्रिभुज प्रदेशात फिरलाय. शुक्राचं तसं नाही. १९९० ते ९४ मध्ये मॅगेलन यानाने रडारने जवळजवळ सगळा ग्रह मोजला, उल्कांची विवरं हजाराच्या आतबाहेरच निघाली, त्यावरून जमिनीचं सरासरी वय शंभर कोटी वर्षांच्या आतलंच येतं. त्याआधीचं सगळं लाव्ह्याखाली. आणि हे अजून चालू आहे, मॅगेलनचेच १९९१ चे फोटो २०२३ मध्ये परत तपासले तर माट मॉन्स या पर्वताजवळचं ज्वालामुखीचं एक तोंड आठ महिन्यांत जवळपास दुप्पट झालेलं दिसलं. जुनं म्हणावं असं उरलंय ते वळ्या पडलेल्या उंच पठारांत, त्यांना टेसेरा म्हणतात, ग्रहाच्या जेमतेम ८ टक्के. ती पठारं ग्रॅनाइटसारख्या खडकाची निघाली तर समुद्रवाल्यांची बाजू एकदम वजनदार होईल, कारण एवढा ग्रॅनाइट व्हायला भरपूर पाणी लागतं. बेसॉल्टची निघाली तर नाही.

प्रश्न : आपलं शुक्रयान हे सगळं सोडवेल का? – पिंपरी

उत्तर : सगळं नाही. इस्रोच्या शुक्र मोहिमेला केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये १,२३६ कोटी रुपये मंजूर केले, उड्डाण मार्च २०२८ ला ठरवलंय. ते फिरतं यान आहे, उतरणारं नाही. जमिनीचा नकाशा, जमिनीखालचे थर, हवा, ढग यावर त्याचा भर आहे, म्हणजे टेसेरा आणि ज्वालामुखींबद्दल ते बरंच सांगू शकेल.

पण पाऊस पडला होता का, याच्या सगळ्यात जवळ जाणारं मोजमाप हवेत खाली शिरूनच करावं लागतं. झेनॉनसारखे वायू कुणाशी संयोग पावत नाहीत, त्यामुळे सुरुवातीला काय काय उडून गेलं याची नोंद त्यांच्यात राहते, आणि ड्युटेरियमही परत एकदा नीट मोजायला हवाय, या वेळी थेंबाच्या मेहरबानीशिवाय. ते काम नासाच्या डाविंची मोहिमेकडे आहे, पुढच्या दशकाच्या सुरुवातीला. तिचं प्रोब तासभर खाली येत येत हवा चाखेल आणि अल्फा रेजिओ नावाच्या टेसेरावर आदळायच्या आधी त्याचे फोटो काढेल. आदळल्यावर चालू राहिलं पाहिजे अशी अट ठेवलेलीच नाही, राहिलंच तर १७-१८ मिनिटं बोनस.